निवांत जपानी रोल-प्लेइंग गेम

निवांत जपानी रोल-प्लेइंग गेम हा जपानी व्हिडिओ गेममधील एक प्रवाह आहे. संथ गती, हलकेफुलके कथानक आणि दैनंदिन कामांना दिलेले महत्त्व ही त्याची प्रमुख लक्षणे होत. नेहमीच्या रोल-प्लेइंग गेमचा नायक जगावरील संकट दूर करणारा योद्धा असतो. या प्रवाहातील नायक बहुधा शेतकरी, दुकानदार, विद्यार्थी किंवा गावात नव्याने राहायला आलेली व्यक्ती असतो. 'बोकुजो मोनोगातारी', 'अतेलिए', 'रून फॅक्टरी' आणि 'फँटसी लाइफ' या त्यातील ठळक मालिका आहेत.

या प्रवाहाची सर्वमान्य व काटेकोर व्याख्या नाही. जपानमध्ये अशा खेळांना 'स्लो लाइफ' हे इंग्रजीवरून घेतलेले विशेषण लावले जाते. खेळ निवांत आहे की नाही, हे त्यातील चित्रांपेक्षा त्यातील काळाच्या रचनेवर अधिक अवलंबून असते. विलंब झाल्यास खेळाडूचे काय नुकसान होते, या प्रश्नाच्या उत्तरावरून खेळाची खरी गती कळते.

## संज्ञा व स्वरूप

ज्या खेळात खेळाडू एखाद्या पात्राची भूमिका घेतो, त्या पात्राचे सामर्थ्य अनुभवाने वाढत जाते आणि त्या वाढीबरोबर कथा पुढे सरकते, त्यास रोल-प्लेइंग गेम म्हणतात. या प्रकाराचा उगम 1974 साली अमेरिकेत प्रकाशित झालेल्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या बैठ्या खेळात आहे. 1981 साली आलेल्या 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' या संगणकीय खेळांनी ही कल्पना पडद्यावर लोकप्रिय केली. जपानी रचनाकारांनी याच दोन खेळांपासून प्रेरणा घेऊन आपली स्वतंत्र शैली घडवली.

निवांत प्रवाहात पुढील वैशिष्ट्ये कमीअधिक प्रमाणात आढळतात:

* लढाई नसणे, किंवा असल्यास ती आळीपाळीने होणे. अशा लढाईत खेळाडूने आज्ञा देईपर्यंत शत्रू थांबून राहतो. त्यामुळे बोटांच्या चपळाईची गरज पडत नाही.
* शेती, मासेमारी, स्वयंपाक, औषधे तयार करणे, दुकान चालवणे अशा कामांतून प्रगती होणे.
* गावकऱ्यांशी ओळख, मैत्री व विवाह यांना कथेत स्थान असणे.
* ऋतू, सण आणि हवामान यांचे चक्र असणे.
* पराभवाची शिक्षा सौम्य असणे.

या प्रवाहाचा संबंध अनेकदा 'इयाशी' या जपानी शब्दाशी जोडला जातो. इयाशी म्हणजे मनाला उतारा देणारी, शीण घालवणारी गोष्ट. 1995 साली जपानला कोबे परिसरातील मोठा भूकंप आणि टोकियोतील भुयारी रेल्वेवरील विषारी वायूचा हल्ला असे दोन आघात सोसावे लागले. त्यानंतरच्या वर्षांत हा शब्द तेथे विशेष प्रचारात आला. चित्रकथा व ॲनिमेशनपट यांतील अशा शांत कलाकृतींना 'इयाशिकेई' म्हटले जाते.

## इतिहास

### पूर्वपीठिका

27 मे 1986 रोजी एनिक्स कंपनीने फॅमिली कॉम्प्युटर या कन्सोलसाठी 'ड्रॅगन क्वेस्ट' प्रकाशित केला. त्याची रचना युजी होरी यांची, पात्रचित्रे अकिरा तोरियामा यांची आणि संगीत कोइची सुगियामा यांचे होते. कथा राजकन्येच्या सुटकेची आणि दुष्टाच्या नाशाची असली, तरी खेळाचा स्वभाव मृदू होता. नायक लढाईत हरला, तर त्याचे निम्मे सोने जात असे. मिळवलेला अनुभव मात्र कायम राही आणि राजा त्याला पुन्हा प्रवासाला पाठवी. थेंबासारख्या आकाराचा, हसऱ्या चेहऱ्याचा 'स्लाइम' हा या खेळातील पहिला शत्रू. शत्रूही गोंडस असू शकतो, ही कल्पना जपानी खेळांत येथून दृढ झाली.

1989 साली शिगेसातो इतोई यांनी रचलेला 'मदर' प्रकाशित झाला. त्यातील नायक आधुनिक गावात राहणारा मुलगा असून त्याच्या हातात तलवारीऐवजी बेसबॉलची बॅट असते. 1994 सालच्या 'मदर 2' मध्ये नायकाला घराची ओढ लागून लढाईत त्याचे लक्ष उडते. आईला फोन केला की ती ओढ शमते. बराच वेळ खेळून झाल्यावर नायकाचे वडील फोन करतात आणि थोडी विश्रांती घेण्याचे सुचवतात. खेळानेच खेळाडूला थांबण्यास सांगावे, हे त्या काळी असाधारण होते.

फेब्रुवारी 1996 मध्ये जपानमध्ये आलेल्या 'पोकेमॉन' मालिकेच्या पहिल्या खेळांनीही हाच मार्ग पुढे नेला. रचनाकार सातोशी ताजिरी यांना बालपणी कीटक गोळा करण्याचा छंद होता व त्यातूनच या खेळाची कल्पना निघाली. यातील प्राणी लढाईत मरत नाहीत, मूर्च्छित होतात. उपचारानंतर ते पुन्हा चालते होतात.

### 1996–1997: स्वतंत्र प्रवाह

9 ऑगस्ट 1996 रोजी सुपर फॅमिकॉम कन्सोलवर 'बोकुजो मोनोगातारी' हा खेळ आला. या नावाचा अर्थ 'कुरणाची गोष्ट' असा होतो. त्याचे जनक यासुहिरो वादा हे क्यूशू बेटावरील मियाझाकी प्रांतात, ग्रामीण परिसरात वाढले व पुढे कामानिमित्त टोकियोत आले. मागे सोडलेल्या गावाच्या आठवणींतून, लढाई नसलेला खेळ रचण्याची कल्पना त्यांना सुचली. खेळाडूने पडीक शेत साफ करायचे, बी पेरायचे, रोज पाणी घालायचे, गाई व कोंबड्या पाळायच्या आणि गावाच्या सणांत सहभागी व्हायचे, एवढाच त्याचा गाभा आहे. त्यातील वर्ष चार ऋतूंचे आणि प्रत्येक ऋतू 30 दिवसांचा होता.

23 मे 1997 रोजी गस्ट या कंपनीने प्लेस्टेशनसाठी 'अतेलिए मारी' प्रकाशित केला. 'अतेलिए' हा फ्रेंच शब्द असून त्याचा अर्थ कार्यशाळा असा होतो. नायिका मारी ही किमयाविद्येच्या शाळेतील अत्यंत कमी गुणांची विद्यार्थिनी आहे. पाच वर्षांत स्वतःच्या कार्यशाळेत एक उत्तम वस्तू बनवून दाखवल्यास तिला पदवी मिळणार असते. जग वाचवणे आता पुरे झाले, अशा आशयाची या खेळाची जाहिरात जपानमध्ये गाजली. एका विद्यार्थिनीची परीक्षा हा विषय रोल-प्लेइंग गेमला पुरेसा आहे, हे या खेळाने सिद्ध केले.

त्याच वर्षी लव्ह-दे-लिक या संस्थेचा 'मून' हा खेळ आला. व्हिडिओ गेममध्ये ओढला गेलेला एक मुलगा तेथे शूर नायकाच्या मागोमाग फिरतो. नायकाने मारलेल्या प्राण्यांचे आत्मे परत मिळवणे आणि लोकांची सुखदुःखे समजून घेणे हे त्याचे काम. त्याचे सामर्थ्य लढाईने वाढत नाही. त्याने गोळा केलेल्या प्रेमाने ते वाढते.

### 2000 नंतर

14 एप्रिल 2001 रोजी निन्तेन्दोने 'दोबुत्सु नो मोरी' (प्राण्यांचे वन) प्रकाशित केला. जपानबाहेर तो 'ॲनिमल क्रॉसिंग' या नावाने ओळखला जातो. रचनाकार कात्सुया एगुची हे चिबाहून क्योतोला आल्यावर त्यांना कुटुंब व मित्रांपासून दुरावल्याची जाणीव झाली. घरातील माणसांनी वेगवेगळ्या वेळी एकाच गावात येऊन खेळावे, ही कल्पना त्यातून पुढे आली. हा खेळ काटेकोर अर्थाने रोल-प्लेइंग गेम नसला, तरी या प्रवाहाच्या वाचकवर्गात व खेळाडूवर्गात त्याचा उल्लेख नेहमी होतो.

2006 साली आलेल्या 'रून फॅक्टरी' या खेळाने शेती आणि राक्षसांशी लढाई यांची सांगड घातली. यात हरवलेला राक्षस मरत नाही. तो आपल्या मूळ वनात परत जातो, असे कथेत सांगितले आहे. राक्षसांना माणसाळवून शेतीच्या कामाला लावण्याचीही सोय आहे. 2012 साली लेव्हल-5 या कंपनीचा 'फँटसी लाइफ' आला. त्यात खेळाडूला 12 व्यवसायांतून निवड करता येते. शिंपी, सुतार, कोळी, खाणकामगार हे व्यवसाय योद्ध्याच्या बरोबरीचे मानले आहेत. या मालिकेचा पुढील भाग मे 2025 मध्ये प्रकाशित झाला.

नोव्हेंबर 2020 मध्ये एडेलवाइस या छोट्या संस्थेने 'साकुना' हा खेळ आणला. त्यातील लढाई वेगवान आहे. मात्र नायिकेचे बळ लढाईने वाढत नाही, भाताच्या पिकाने वाढते. बियाणे निवडणे, लावणी, खाचरातील पाण्याची पातळी राखणे, तण काढणे, कापणी, पेंढ्या वाळवणे, झोडणी आणि सडणे ही सर्व कामे खेळाडूला स्वतः करावी लागतात. हलके बी वेगळे काढण्यासाठी मिठाच्या पाण्याचा वापर करण्याची पद्धतही खेळात आहे. ही बीजप्रक्रिया महाराष्ट्रातील भातशेतीतही परिचित आहे. जपानमध्ये अनेक खेळाडूंनी चांगले पीक यावे म्हणून तेथील कृषी मंत्रालयाने प्रसिद्ध केलेल्या भातशेतीच्या माहितीचा आधार घेतला.

## काळाची रचना

या खेळांतील काळाच्या रचनेचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतात.

थांबलेला काळ. 'ड्रॅगन क्वेस्ट', 'मदर' आणि 'पोकेमॉन'चे पहिले खेळ या प्रकारात मोडतात. कथा खेळाडूची वाट पाहते. राजकन्या कैदेत असली, तरी खेळाडूने गावोगाव हिंडण्यात कितीही वेळ घालवला तरी तिचे काही बिघडत नाही.

फिरता काळ. 'रून फॅक्टरी', 'साकुना' आणि 'बोकुजो मोनोगातारी'चे नंतरचे बहुतेक भाग या प्रकारचे आहेत. दिवस मावळतो, ऋतू बदलतो. परंतु चुकलेला हंगाम पुढील वर्षी पुन्हा येतो. नुकसान होते ते तात्पुरते. मात्र प्रत्येक दिवसाचे तास मोजके असल्यामुळे काही खेळाडूंना यातही घाई जाणवते. पहिल्या 'बोकुजो मोनोगातारी'त संध्याकाळी सहानंतर घड्याळ पुढे सरकत नसे. रात्र खेळाडू झोपेपर्यंत टिकून राही.

मुदतीचा काळ. 'अतेलिए मारी'त पाच वर्षांची, तर 2009 सालच्या 'अतेलिए रोरोना'त तीन वर्षांची मुदत आहे. वनस्पती गोळा करण्यासाठी दूर गेल्यास दिवस खर्च होतात, औषध बनवण्यासही दिवस लागतात. पहिला 'बोकुजो मोनोगातारी'सुद्धा अडीच वर्षांनी संपतो. अशा खेळांत नियोजनाचा आनंद असतो, परंतु मनाला पूर्ण स्वस्थता नसते. याच कारणाने 'अतेलिए' मालिकेने पुढे मुदतीची अट सैल केली. 2015 सालच्या 'अतेलिए सोफी' व 2019 सालच्या 'अतेलिए रायझा' या खेळांत अशी मुदत नाही. 2023 साली 'अतेलिए मारी'ची नवी आवृत्ती आली, तेव्हा मूळ पाच वर्षांच्या खेळाबरोबर अमर्याद काळाचा पर्यायही देण्यात आला.

खरा काळ. 'ॲनिमल क्रॉसिंग'मधील घड्याळ खेळाडूच्या घरातील घड्याळाबरोबर चालते. बाहेर रात्र असेल तर खेळातही रात्र असते आणि दुकान बंद असते. एका बैठकीत फार काही उरकता येत नाही. त्यामुळे खेळ रोज थोडा खेळला जातो. बरेच दिवस न फिरकल्यास गावात तण माजते आणि शेजारी विचारपूस करतात.

## चित्रशैली आणि आशय

गोंडस चित्रे व हलका आशय यांची सांगड नेहमीच असते असे नाही. नवख्या खेळाडूंची निवड बहुधा येथेच चुकते. पुढील उदाहरणे या दृष्टीने लक्षणीय आहेत:

* मदर 3 (2006): चित्रे बालपुस्तकासारखी आहेत, परंतु कथेच्या आरंभीच नायकाच्या आईचा मृत्यू होतो आणि कुटुंबाचे विघटन हा तिचा मुख्य विषय आहे.
* नी नो कुनी (2010): यातील ॲनिमेशन स्टुडिओ जिब्लीने केले आहे. मृत आईला परत आणण्यासाठी निघालेल्या मुलाची ही कथा आहे.
* रेसेत्तिआर (2007): दुकान चालवणाऱ्या मुलीची विनोदी कथा. वडिलांनी मागे ठेवलेल्या कर्जाचे वाढते हप्ते दर आठवड्याला फेडावे लागतात, त्यामुळे खेळाची गती प्रत्यक्षात तणावाची आहे.
* पर्सोना 4 (2008): लहान गावातील शाळकरी जीवनाचे रोजचे चित्रण असले, तरी कथा खुनांच्या मालिकेभोवती फिरते आणि ठरावीक दिवसांच्या आत मोहीम पूर्ण करावी लागते.

हे खेळ गुणवत्तेत कमी नाहीत. यांतील काही जाणकारांच्या विशेष पसंतीचे आहेत. परंतु विसाव्यासाठी खेळ शोधणाऱ्यास त्यांच्या मुखपृष्ठावरून चुकीचा अंदाज येऊ शकतो.

## निवडीचे निकष

निवांत खेळ शोधताना सर्वसाधारणपणे पुढील बाबी पाहिल्या जातात:

1. मुदत: कथेला कालमर्यादा आहे काय? असल्यास ती शिथिल करण्याचा पर्याय आहे काय? मूळ खेळ व त्याची नवी आवृत्ती यांत या बाबतीत फरक असू शकतो.
2. लढाईचा प्रकार: आळीपाळीची लढाई सावकाश खेळता येते, तत्काळ प्रतिसाद मागणारी लढाई तशी खेळता येत नाही. 1990 सालच्या 'ड्रॅगन क्वेस्ट 4' पासून साथीदारांनी स्वतःहून लढण्याची सोयही या मालिकेत आहे.
3. पराभवाची शिक्षा: हरल्यावर थोडे धन जाते की बराच वेळ केलेले काम वाया जाते?
4. सेव्ह करण्याची सोय: कोठेही खेळ थांबवून सेव्ह करता येत असल्यास कमी वेळ असलेल्या खेळाडूस तो सोयीचा पडतो.
5. संवादांचे प्रमाण: जपानी रोल-प्लेइंग गेममध्ये वाचन पुष्कळ असते. भाषा अवघड वाटल्यास संथ खेळही थकवणारा ठरतो.
6. वयोगट: जपानमध्ये 2002 साली स्थापन झालेली सेरो ही संस्था खेळांना वयोगटाची खूण देते. 'ए' म्हणजे सर्वांसाठी, 'बी' 12 वर्षांवरील, 'सी' 15 वर्षांवरील, 'डी' 17 वर्षांवरील आणि 'झेड' 18 वर्षांवरील. ही खूण आशयाविषयी सांगते, गतीविषयी काही सांगत नाही.

या निकषांनुसार पाहता, लढाई नको असलेल्यांना 'बोकुजो मोनोगातारी' किंवा 'ॲनिमल क्रॉसिंग' जवळचे वाटतात. थोडी लढाई आणि थोडी गृहस्थी हवी असल्यास 'रून फॅक्टरी' व 'फँटसी लाइफ', कथा व वस्तुनिर्मिती हवी असल्यास मुदत नसलेले 'अतेलिए' खेळ, तर पारंपरिक साहसकथा सावकाश अनुभवायची असल्यास 'ड्रॅगन क्वेस्ट' निवडला जातो.

## नावांतील गोंधळ

'बोकुजो मोनोगातारी'चा पहिला खेळ 1997 साली अमेरिकेत नात्सुमे कंपनीने 'हार्वेस्ट मून' या नावाने आणला. पुढे जपानी मालिका मार्व्हलस कंपनीकडे आली. इंग्रजी नावाचे हक्क मात्र नात्सुमेकडेच राहिले. 2015 पासून मूळ जपानी मालिका इंग्रजीत 'स्टोरी ऑफ सीझन्स' या नावाने प्रकाशित होते, आणि 'हार्वेस्ट मून' या नावाने नात्सुमे स्वतःचे वेगळे खेळ काढते. त्यामुळे 2014 पूर्वीचा 'हार्वेस्ट मून' आणि त्यानंतरचा 'हार्वेस्ट मून' एकाच मालिकेतील नाहीत, ही गोष्ट खेळ विकत घेताना लक्षात ठेवावी लागते.

## प्रभाव

या प्रवाहाचा प्रभाव जपानबाहेरही पडला. अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी एकट्याने रचलेला 'स्टारड्यू व्हॅली' (2016) हा 'हार्वेस्ट मून'पासून प्रेरित आहे. टोबी फॉक्स यांच्या 'अंडरटेल' (2015) या खेळावर 'मदर 2'चा प्रभाव आहे. त्यात कोणालाही न मारता खेळ पूर्ण करता येतो. 20 मार्च 2020 रोजी, कोरोना साथीमुळे अनेक देशांत लोक घरात अडकले असताना, 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स' प्रकाशित झाला. प्रत्यक्ष भेटी बंद असताना खेळातील बेटांवर वाढदिवस व विवाहसमारंभ साजरे झाले. त्यामुळे या प्रकाराकडे पूर्वी न वळलेल्या लोकांचेही त्याकडे लक्ष गेले.

## टीका

या खेळांवर पुनरावृत्तीचा आक्षेप घेतला जातो. रोज तेच पाणी घालणे, तेच दूध काढणे हे काही खेळाडूंना विश्रांतीऐवजी दुसरी नोकरी वाटते. शेतीतील कष्ट, कर्ज आणि अवर्षण यांचे दर्शन या खेळांत क्वचितच घडते. त्यांतील गाव हे शहरातील माणसाने आठवणीत जपलेले गाव असते, असेही म्हटले जाते. दुसरीकडे, काम केल्यावर त्याचे फळ निश्चित मिळणे आणि चुकलेला हंगाम पुन्हा येणे, या प्रत्यक्ष जीवनात न मिळणाऱ्या खात्रीतच या खेळांचे आकर्षण आहे, असे त्यांचे चाहते मानतात.

## उपलब्धता

यांतील प्रमुख खेळ जपानी व इंग्रजी भाषांत उपलब्ध आहेत. 'मदर 3' मात्र अधिकृतपणे केवळ जपानमध्येच प्रकाशित झाला. 'अतेलिए रायझा', 'रून फॅक्टरी 4' व '5', 'साकुना' आणि 'रेसेत्तिआर' हे विंडोज संगणकावर खेळता येतात. 'ड्रॅगन क्वेस्ट'चे जुने भाग मोबाइल फोनवरही उपलब्ध आहेत. 'मून'ची इंग्रजी आवृत्ती 2020 साली आली. 'ॲनिमल क्रॉसिंग'चे मुख्य खेळ फक्त निन्तेन्दोच्या कन्सोलवर चालतात.

## हे सुद्धा पहा

* व्हिडिओ गेम
* ड्रॅगन क्वेस्ट
* पोकेमॉन
* निन्तेन्दो
* जपानची संस्कृती